गाठ जाळली, स्कॅन स्वच्छ आला; आता हिपॅटायटिस सीच्या गोळ्या लांबवायच्या कशाला?

यंत्रमागकर, पूर्वभाग
अण्णांची उभी हयात लूमवर गेली. हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हर पोखरणारा विषाणू, अंगात कधी शिरला कळलंच नाही. लिव्हर सुकल्यावर कळलं, आणि त्यातच दोन सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ. पुण्याला नेऊन ती जाळून घेतली. तीन महिन्यांनंतरचा सीटी स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणतात, विषाणू मारायच्या गोळ्या, सोफोसबुविर-वेलपाटासविर, सुरू करू. पण भावकीतल्या एकाने डोक्यात भरवलंय की या गोळ्यांनी कॅन्सर परत येतो. अण्णा डबीला हात लावायला तयार नाहीत.

ही भीती कुठून आली ते शोधलं. २०१६ साली स्पेनच्या डॉक्टरांनी ५८ रुग्णांचा अनुभव छापला. त्यातल्या १६ जणांची गाठ काही महिन्यांतच परतली होती. पण तुलनेला गोळ्या न घेतलेले रुग्ण त्यात नव्हते. पुढे अमेरिका-कॅनडातल्या ३१ केंद्रांनी गोळ्या घेतलेले आणि न घेतलेले असे सातशेवर रुग्ण पाहिले, तेव्हा गोळ्यांमुळे गाठ जास्त परतते असं काही दिसलं नाही. हा रुग्ण नुसत्या गाठीने जात नाही हो, लिव्हर बंद पडूनही जातो. विषाणू गेला तर उरलेलं लिव्हर तग धरतं, आणि उद्या गाठ आलीच तर पुन्हा उपचार सोसायची ताकद राहते. थांबू नये, असं माझं ठाम मत आहे.

जुळेसोलापूरकर
दादा, ही घाई मला पटत नाही. माझ्या मावशीच्या जांघेतून नळी घालून गाठीत औषध सोडलं होतं. महिन्याभरात गोळ्या सुरू केल्या. १२ आठवडे, ८४ गोळ्या, एकही चुकवली नाही. कॅलेंडरवर रोज फुली मारायची. नंतरच्या एमआरआयमध्ये जुन्या गाठीची कड जिवंत निघाली आणि विषाणूही गेलेला नव्हता. गाठ जिवंत असताना गोळ्यांना गुण कमी येतो, हे आम्हाला मागाहून कळलं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये हेच सांगितलंय: गाठ पुरती गेल्याची खात्री व्हायला ४ ते ६ महिने द्या, मग गोळ्या. एका सीटीवर विसंबू नका.

यंत्रमागकर, पूर्वभाग
ज्याचं लिव्हर धड आहे त्याने खुशाल थांबावं. अण्णांच्या नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि बराच वेळ भरत नाही. अशा माणसाने कशाच्या भरवशावर थांबायचं?

औषधवाली, सात रस्ता
दादा, सूज असेल तर तुमचं हिशोबाचं गणितच बदलतं. पायाला सूज, पोटात पाणी अशा रुग्णाला नुसत्या १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरत नाहीत. सोबत रायबाविरिन हे आणखी एक विषाणूवरचं औषध लागतं, ते झेपत नसेल तर २४ आठवडे. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हिपॅटायटिस बीची तपासणीही आधी करून घ्या, कारण सी गेला की दबलेला बी उसळी मारू शकतो. अण्णा अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असतील तर तेही सांगा, तिच्यामुळे वेलपाटासविर अंगी कमी लागतं. लिव्हर बदलायच्या यादीत नाव घालायचं असेल तर गोळ्या आधी की नंतर, हे तिथल्या टीमने ठरवायचं. आणि पैशापायी अडू नका, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. सिव्हिलला चौकशी करा.

यंत्रमागकर, पूर्वभाग
ताई, सुजेमुळे गोळ्यांचा हिशोब बदलतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोमवारी विचारतो. पण जुळेसोलापूरकर, एक सांगा, मावशींचा गोळ्यांआधी एकही स्कॅन झाला नव्हता का?

जुळेसोलापूरकर
नव्हता झाला. स्कॅनची तारीख नेमकी गड्ड्याच्या यात्रेत आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, आम्हीच म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. मावशी काही बोलली नाही. डॉक्टरांनाही आम्ही कळवलं नाही, गोळ्या तेवढ्या सुरू करून घेतल्या. म्हणून म्हणतो, अण्णांचा दुसरा स्कॅन होऊ द्या. आणि गोळ्या संपून विषाणू गेला, तरीही पुढची एकही तारीख ढकलू नका.