६.५ क्रीडमूर हे रायफलचं काडतूस एवढं चाललं आणि .२६० रेमिंग्टन मागे पडलं, असं का?

नेमबाज_कोल्हापूर:
मंडळी, मी ५० मीटर .२२ वाला, मोठ्या बोअरचं (जाड गोळीच्या रायफलचं) जे काय माहितीये ते सगळं वाचून. माझा चुलतभाऊ टेक्सासला असतो, त्याला लाँग रेंज मॅचेस सुरू करायच्यात आणि जो तो त्याला ६.५ क्रीडमूर घे म्हणतोय. आता .२६० रेमिंग्टन १९९७ सालचं, क्रीडमूर त्यानंतर दहा वर्षांनी आलं, गोळी तीच, वेग जवळपास तोच, उलट .२६० मध्ये दारू जरा जास्तच मावते. मग हा सगळा जाहिरातीचा खेळ आहे का? आणि क्रीडमूर एवढं भारी असेल तर वरच्या नंबरातले लोक ६ एमएम, म्हणजे त्याहून बारीक गोळीची काडतुसं, का वापरतात?

डॅलसकर:
नुसती जाहिरात नाही हो. शॉर्ट अ‍ॅक्शनचं, म्हणजे आखूड यंत्रणेच्या रायफलचं, मॅगझिन साधारण २.८ इंचाचं असतं. .२६० ची केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) २.०३५ इंच, क्रीडमूरची १.९२. आता १४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं माप) लांब निमुळती मॅच बुलेट .२६० मध्ये बसवायची तर एकतर ती केसमध्ये खोल ढकलावी लागते, म्हणजे जास्तीच्या जागेचा फायदा तिथेच गेला, नाहीतर अख्खं काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. वर रेमिंग्टनने सुरुवातीला ९ ला १ ट्विस्ट (बॅरलमधल्या खाचांचा पीळ, ९ इंचात एक फेरा) दिला, लांब गोळ्यांना ८ ला १ लागतो. त्यांनी ते शिकारीचं काडतूस म्हणूनच विकलं, दुकानात मॅच अ‍ॅम्युनिशन मिळायची मारामार.
क्रीडमूरची सुरुवातच उलट्या बाजूने झाली. अमेरिकेतल्या कॅम्प पेरीच्या नॅशनल मॅचेसच्या वेळी अ‍ॅम्युनिशन बनवणाऱ्या हॉर्नाडी कंपनीचे डेव्ह एमरी आणि नेमबाज डेनिस डिमिल यांचं बोलणं झालं, की असं काडतूस हवं जे डब्यातून काढून थेट मॅचला नेता येईल आणि काडतूस घरी स्वतः भरायचं तर पावडर (दारू) सहज मिळेल. आणि हॉर्नाडीने काय केलं, तर डब्याच्या लेबलवर चक्क रेसिपी छापली, कुठली पावडर, किती ग्रेन! नवीन माणसाची अर्धी भीती तिथेच जाते.

पितळवाला:
वरच्यांशी सहमत, पण जाहिरातीला एवढं कमी लेखू नका. ६.५×४७ लापुआ २००५ ला आलं, तेही खास मॅचसाठीच, आणि पितळ (म्हणजे केस) म्हणाल तर एक नंबर. पण महाग, आणि स्वस्त फॅक्टरी रायफल त्यात कुणी काढलीच नाही, त्यामुळे ते घरी भरणाऱ्यांपुरतंच राहिलं. क्रीडमूरच्या मागे मात्र मोठी कंपनी कायम उभी होती, आणि २०१५ ला रुगरची प्रिसिजन रायफल आली ती पहिल्यापासून क्रीडमूरमध्ये. माझ्या मते खरी गाडी तिथून सुटली. रायफल खपली म्हणून अ‍ॅम्युनिशन खपली, अ‍ॅम्युनिशन सगळीकडे मिळते म्हणून पुढच्याने रायफलही त्यातलीच घेतली, असं ते चक्र आहे.

नेमबाज_कोल्हापूर:
रेसिपीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद! आमच्याकडे ५० मीटरला काडतूस सगळ्यांचं एकच, .२२ एलआर, मग भांडण फक्त लॉटवर (एका वेळी बनलेल्या मालावर), कुठला लॉट कुणाच्या बॅरलला मानवतो ते टेस्ट करून घ्यायचं. पण ६ एमएमचं राहिलं की.

डॅलसकर:
हां, ते. पीआरएसमध्ये (अमेरिकेतली लाँग रेंज रायफल मॅचेसची मालिका) बॅरिकेडवर, छपरावर, टायरवर रायफल टेकवून मारायचं असतं आणि वेळ चालू असतो. गोळी प्लेटवर कुठे लागली किंवा चुकली तर धूळ कुठे उडाली, हे स्वतःच्या स्कोपमधून दिसलं पाहिजे, तरच पुढची गोळी सुधारता येते. ६.५ च्या धक्क्याने नेमकं त्याच क्षणी चित्र हलतं. ६ डॅशर हे ६ एमएमचं काडतूस १०५ ते १०९ ग्रेनची गोळी मारतं, धक्का कमी, स्कोप जागेवर राहतो. वाऱ्यात थोडं नुकसान होतं, पण दिसणं जास्त मोलाचं. डॅशरसाठी आधी ६ बीआर या दुसऱ्या काडतुसाच्या केसेस एकदा रायफलमधून झाडून खांदा पुढे सरकवून घ्यावा लागायचा, म्हणजे बॅरलचं आयुष्य नुसतं पितळ घडवण्यात जायचं. तयार पितळ मिळायला लागलं तसे लोक भराभर वळले. म्हणजे कारण पुन्हा तेच, मिळतं का आणि किती कटकट.
भावाला सांगा, बिनधास्त ६.५ क्रीडमूर घे. बॅरल संपली की ६ क्रीडमूरची (तीच केस, ६ एमएमची गोळी) लाव, बोल्ट आणि मॅगझिन तेच चालतं. डॅशर आखूड आहे, त्याला मॅगझिनमध्ये किट टाकावं लागतं, ते पहिल्या वर्षी नकोच.