‘पुनर्वसनात्मक शिक्षा’ला दुसरा शब्द?

विचारणा: मनोविकार असलेल्या अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पुढे काय होतं, यावर पालकांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. मसुद्यात ‘बालगुन्हेगारांना पुनर्वसनात्मक शिक्षा’ असं होतं. ते वाचून एका आईने घाबरून विचारलं, “पुनर्वसन म्हणजे आम्हाला घर सोडावं लागणार का?” काय लिहू?

उत्तर: त्या आईचं चुकलेलं नाही. वसन म्हणजे राहणं. मराठीत पुनर्वसन होतं ते धरणग्रस्तांचं, पूरग्रस्तांचं. ज्या ‘रिहॅबिलिटेशन’ शब्दासाठी तो वापरला, त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘हाबिलिस’ आहे, म्हणजे लायक, समर्थ. त्यात जागा बदलणं येतच नाही.

माझा खरा आक्षेप ‘शिक्षा’वर आहे. शिक्ष् धातूचा अर्थ शिकणं, हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षण. पण मराठी कानाला त्यात छडीच ऐकू येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ मध्ये बाल न्याय मंडळ देतं तो ‘आदेश’. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा (प्रोबेशन) किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवण्याची सुधारसंस्था, आणि तिथेही मानसोपचाराची सोय. कलम ३ मधलं एक तत्त्व तर मुलाबाबत आरोपाची भाषा वापरूच नये असं सांगतं. मग पत्रकात ती कशाला?

आणखी एक: ‘बालगुन्हेगार’ काढाच. कायद्याचा शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. जड आहे खरा, पण ‘ग्रस्त’मुळे मूल संकटात सापडलेलं दिसतं. ‘कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल’ नको, त्यात कायदाच खलनायक ठरतो. शिवाय मनोविकार आणि बौद्धिक अक्षमता यांची गल्लत करू नका. पहिल्यावर उपचार होतात, दुसऱ्यात मुलाला शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. ‘मतिमंद’ हा शब्द दोन्हीकडे सर्रास फेकला जातो, त्याने फार नुकसान होतं.

विचारणा करणारी: वाक्य असं बदललं: ‘तुमच्या मुलाचा आजार लक्षात घेऊन मंडळ आदेश देईल. त्यात उपचार आणि समुपदेशन असू शकतं.’ त्या आईला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, “औषधं कोण देणार?” म्हणजे वाक्य पोचलं. आता ‘परिवीक्षा’ उरली. ‘देखरेखीखाली घरीच’ चालेल?