विषय: फियाटच्या आतलं सामान – ट्यूरिनवाल्याला शनिवारपर्यंत कळवायचंय

सेलूकर:
मंडळी, ट्यूरिनच्या त्या दुकानदाराने शेवटी फोटो पाठवले. डॅशबोर्डवरचं पॅड, दारांची चारही पॅनल, काच खाली-वर करायची दोन हँडलं आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचं झाकण. सगळं मिळून घ्या म्हणतो, शनिवारपर्यंत पैसे. गाडी तुम्हाला माहीतच आहे, बाबांची १९६८ची, परभणीची. या उन्हाळ्यात पुढच्या सीटचं रेक्झिन मधोमध फाटलं आणि आतून ओंजळभर सरकी निघाली, उंदरांनी साठवलेली. पॅनल पावसाने फुगून खालून सुटलीत. उदगीरकर २४ तारखेला भारतात निघताहेत. घेऊ का?

उदगीरकर:
हँडलं खुशाल द्या. पॅनल आधी मोजा, माझी मोठी बॅग पाऊण मीटरची आहे. आणि फोटो नीट बघितलात का? त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. पॅड आपल्या गाडीला उलटं पडणार. झाकणाचंही तेच. आपल्याकडे गिअरचा दांडा डाव्या हाताला, त्यांच्याकडे उजव्या.

अंबडकर काकू:
जाताना काय न्यायचं ते न्या. येतानाची बॅग दिवाळी अंकांची आहे, हे जूनच्या बैठकीत ठरलंय. मागच्या वर्षी कुणाच्या तरी मिक्सरपायी अंक मागे राहिले आणि वाचनालयात जानेवारीत लागले.

उदगीरकर:
काकू, बॅग अंकांचीच आहे. यादी तेवढी पाठवा.

वसमतकर:
सेलूकर, पैसे भरू नका. नांदेडला काकांच्या गॅरेजात मी दहावीपासूनच्या सगळ्या सुट्या काढल्यात, म्हणून हक्काने सांगतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून हीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी नावाने निघत राहिली, पार २०००च्या आसपासपर्यंत. सांगाडा तोच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात बंद झाली, म्हणजे सुटं सामान काही पुराणकाळातलं नाही. मुंबईत किंवा हैदराबादेत जुन्या सामानाच्या बाजारात माणूस उभा केला तर मिळतं, आणि तेही उजव्या स्टिअरिंगचं. आमचे काका हैदराबादहून देवगिरीने सामान मागवायचे, संध्याकाळी स्टेशनवर पोतं उतरवून घ्यायला मी जायचो.

पॅनल तर विकत घ्यायचीच नसतात. आत हार्डबोर्ड, वरून रेक्झिन, एवढंच. जुनं पॅनल काढायचं, पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवायची, तसं कापून घ्यायचं. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, म्हणून दार आणि पॅनलच्या मध्ये जाड प्लास्टिक चिकटवा. ते फाटलं की पॅनल फुगतं. तुमचं तेच झालंय.

सीटबद्दल मात्र हात जोडून विनंती. कुशनवाला म्हणेल, स्प्रिंगा काढा, सगळा फोम भरून देतो. ऐकू नका. स्प्रिंगांवर तरट, तरटावर काथ्या, त्यावर कापसाचा थर आणि मग रेक्झिन, हीच बसणी ठेवा. परभणीच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत बंद गाडीतला स्वस्त फोम दोन-तीन उन्हाळ्यांत बसतो, हाताने चोळला की भुगा होतो. काथ्यातून हवा खेळते. तुटलेली स्प्रिंग तेवढी बदला.

खुलताबादकर:
रेक्झिनच कशाला? उन्हात पाठ चिकटते. आपल्या रेशीम-सुताच्या हिमरूचं कापड लावा ना! लग्नात आईने दिलेली हिमरूची शाल अजून आहे माझ्याकडे. अशा गाडीत ते किती शोभेल. विणकरांना काम मिळेल ते वेगळंच.

वसमतकर:
ताई, काम मिळावं हे अगदी पटतं, पण सीटला नको. शाल उलटी करून बघा, नक्षीचे धागे मागे मोकळे सुटलेले असतात. चढता-उतरता चावी नाहीतर अंगठी अडकली की ओढलेच जातात. शिवाय रेशमाला ऊन सोसत नाही. मागच्या काचेपाशी दोन गाद्या करा हिमरूच्या, उन्हात गाडी लावताना काढून ठेवता येतील.

जिंतूरकर:
एक मुद्दा राहतोय. गाडी पन्नास वर्षांवरची आहे. २०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचा नियम काढला, त्यात गाडी मूळ रूपात असावी असं आहे. स्थानिक हार्डबोर्ड लावून ती संधी घालवू नका.

वसमतकर:
त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिनातले मोठे फेरफार आडवे येतात. पॅनलचा हार्डबोर्ड त्यात कुठून आला?

सेलूकर:
जिंतूरकर, नियम मी वाचला. विंटेज नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. बाबा रोज सकाळी तिच्यातून मोंढ्यात जातात. फोनवर विचारलं तर म्हणाले, "मी काय गाडी नुमाइशीला ठेवायलो का?" तेव्हा साधी नोंदणीच चालू ठेवायची. तो विषय संपला.

वसमतकर, पॅड, झाकण, पॅनल सगळं रद्द. दुकानदाराला आज लिहिलं, नुसती हँडलं देतोस का. देतो म्हणाला. पण ती बसतील का?

वसमतकर:
बाबांना एक हँडल काढायला सांगा. भोक चौकोनी आहे की दात्यांचं? दात्यांचं असेल तर दाते मोजायचे आणि भोकाचा व्यास घ्यायचा. दुकानदाराकडूनही हेच दोन आकडे मागवा. एका दात्याचाही फरक असेल तर घेऊ नका, हँडल घसरत राहतं आणि शाफ्ट खाऊन टाकतं.

सेलूकर:
बाबांनी काल दुपारीच काढलं. चौकटीच्या वहीवर भोकावर पेन्सिल घासून ठसा उमटवला, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवला. दात्यांचंच आहे. आईच्या बाजूचं हँडल ते. मुठीचा पांढरा गोळा एका बाजूने झिजून पिवळा पडलाय, तिचा अंगठा तिथेच असायचा. तो गोळा नवीन हँडलवर चढवता आला तर बघा म्हणाले.

दुकानदाराचे आकडे आत्ताच आले, दोन्ही जुळले. पैसे भरतोय. गोळ्याचं कुठे होईल?

वसमतकर:
आतली पिन ठोकून निघते. परभणीत लेथवाल्याकडे न्यायला सांगा, पण घण नको, पंच आणि हलका हातोडा.

उदगीरकर:
२४ला पहाटेचं विमान आहे. आदल्या संध्याकाळी सातनंतर हँडलं घेऊन या. काकू, यादी अजून आली नाही.