क्लबचा अध्यक्ष बिनविरोध येतो, तेव्हा सभासदाचं मत कुठे असतं?

नौपाडाकर

पुढच्या महिन्यात आमच्या क्लबची वार्षिक सभा आहे आणि त्याच दिवशी नवी कार्यकारिणी निवडायची आहे. क्लबचं नाव देत नाही. ठाण्यातल्या इतर क्लबांचे सभासदही हेच सांगतात, त्यामुळे नावाने फरक पडत नाही.

सभा कशी होते ते लिहितो. ठरलेल्या वेळेला गणसंख्या भरत नाही, म्हणून सभा तहकूब. अर्ध्या तासाने त्याच जागी तीच सभा, आता गणसंख्येची अट नाही. मागचं इतिवृत्त ‘वाचलं असं समजून’ कायम. ताळेबंदाचे कागद तिथेच हातात पडतात. खजिनदार बेरजा वाचत असताना मागून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं. मग एक ज्येष्ठ सभासद खिशातून नावांची यादी काढतात, दुसरे अनुमोदन देतात, टाळ्या पडतात. कार्यकारिणी बिनविरोध. बाहेर बटाटेवडे तयार असतात.

ती यादी कोणी केली, हे सभेत कोणी विचारत नाही. अध्यक्षासाठी निकष एकच असतो, ‘वजन असलेला माणूस’. आमच्या बॅडमिंटन कोर्टाच्या नेटजवळच्या दोन फळ्या सैल आहेत. पाय पडला की एक टोक वर येतं. मुलं शटलकडे बघायचं सोडून पायाखाली बघत खेळतात. प्रशिक्षकांनी लेखी कळवून झालं. त्याच काळात प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट लागला आणि वर्धापनदिनाला मांडव पडला. ताळेबंदात ‘कोर्ट देखभाल’ ही रक्कम ‘सत्कार व कार्यक्रम’च्या खाली आणि त्याहून कमी आहे.

माझ्या मते अध्यक्षाला जोखायचं ते या दोन ओळींवरून. उमेदवाराने सभेत उभं राहून काय करणार ते सांगावं. मतदान गुप्त असावं, आणि एकच अर्ज आला तरी सभासदाला ‘नको’ म्हणता यावं. एका पदावर सलग दोनच मुदती.

जुना चिटणीस

पूर्ण असहमत. मी दुसऱ्या एका क्लबचा सरचिटणीस होतो. तिथे तुम्हाला हवी तशी निवडणूक झाली, दोन पॅनेलं, गुप्त मतदान, सगळं. पुढचं ऐका. आपले बरेच क्लब सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असतात. कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हरलेल्या पॅनेलने त्या अर्जावर हरकत घेतली. तारखांवर तारखा पडत गेल्या. बँक म्हणाली, मंजूर बदल अर्ज आणा, मगच खात्यावरच्या सह्या बदलू. प्रशिक्षकांचं मानधन आम्ही काही सभासदांनी खिशातून दिलं. उन्हाळी शिबिर बंद पडलं. वर्षानुवर्षं एकत्र कॅरम खेळणारी माणसं एकमेकांना नमस्कार करेनाशी झाली.

वजनदार माणसाला नाकं मुरडणं सोपं आहे. जागा महापालिकेची, कराराची मुदत संपत आलेली, अशा वेळी फाइल पुढे सरकवायला कोणीतरी ओळखीचं लागतं. प्रशिक्षकाचं पत्र तिथे कोणी उघडूनही बघत नाही. एकमताने ठरलेली यादी म्हणजे कट नव्हे. भांडण सभेत येऊ नये म्हणून पाच जणांनी घेतलेली ती मेहनत असते.

सेक्टर आठ, नेरुळ

चिटणीस, आमच्याकडे भूखंड सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा. वजनदार अध्यक्षांनी करार मार्गी लावला, हे खरं, त्यांचे आभार. पण मग हॉल लग्नांना जायला लागला. लग्नसराईत टेबल टेनिसची टेबलं मिटवून भिंतीला उभी असतात आणि मुलं जिन्यात बसून विचारतात, आज खेळायला मिळणार का. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: ‘करार कोणामुळे झाला, विसरू नका.’

कोपरीची आई

तुम्ही दोघं भांडताय ते मत ज्यांना आहे त्यांच्याबद्दल. माझी मुलगी रोज पहाटे सरावाला जाते, फी मी भरते, मत आम्हाला नाही. ती ‘खेळाडू सभासद’. मतदार यादीत आजीव सभासद, त्यातले कितीतरी ठाणे सोडून गेलेले, मैदानाचं दार कुठल्या बाजूला आहे हेही ज्यांना आठवणार नाही असे. कार्यकारिणीत बाई एकच, तीही सांस्कृतिक समितीवर. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान ४ महिला आणि किमान २ नामवंत खेळाडू हवेत असं आहे. तो कायदा राष्ट्रीय संघटनांचा आहे, मान्य. पण आपल्या क्लबच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, तशी तरतूद करायला कोणाची मनाई आहे? मुलींच्या चेंजिंग रूमची कडी बसवायला इतके महिने लागले नसते, एवढं खात्रीने सांगते.

जुना चिटणीस

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला. खेळाडूंच्या पालकांना मत हवं.

पण नौपाडाकर, निवडणूक घेतली की कारभार सुधारतो हे काही पटत नाही. स्पेनच्या बार्सिलोना फुटबॉल क्लबात सभासदच मालक, अध्यक्ष थेट मतांनी. २०१५ मध्ये बार्तोमेउंना अध्यक्ष म्हणून त्यांनीच निवडलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नव्या अध्यक्षांनी कर्जाचा आकडा सांगितला, १३५ कोटी युरो! त्याच महिन्यात मेस्सी गेला. मुदतीच्या अटीचंही तेच. क्रिकेट कारभार सुधारण्यासाठीच्या लोढा समितीच्या शिफारशी मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बीसीसीआयला, म्हणजे क्रिकेट मंडळाला, मुदतीचे कडक नियम घातले, आणि २०२२ मध्ये राज्य संघटनेत ६ आणि मंडळात ६ अशी सलग १२ वर्षं चालतील हे मान्य केलं. तिथे पदासाठी रांग लागते. आपल्याकडे रोज संध्याकाळी येऊन बिलं तपासणारा खजिनदार शोधून सापडत नाही, त्याला दोन मुदतींनंतर घरी पाठवायचं?

नौपाडाकर

बार्सिलोनाची गोष्ट अर्धी सांगितलीत. तिथल्या घटनेत अविश्वास ठरावाची सोय होती, १५ टक्के सभासदांच्या सह्या. २०२० मध्ये साधारण साडेसोळा हजार लागत होत्या, वीस हजारांवर जमल्या. ठरावावर मतदान व्हायच्या आत, २७ ऑक्टोबरला बार्तोमेउ पायउतार झाले. चूक माणूस निवडला जाणारच. त्याला मुदतीच्या मधे काढता येतं की नाही, हा प्रश्न आहे. आमच्या घटनेत तसं कलमच नाही. तुमच्या घटनेत आहे का?

आणि तुमच्या क्लबचं जे झालं ते मतदानामुळे झालं असं मला वाटत नाही. मतदार यादी आधी प्रसिद्ध झाली होती का? निवडणूक अधिकारी बाहेरचा होता का?

जुना चिटणीस

यादी सभेच्या आदल्या दिवशी लागली. निवडणूक अधिकारी मावळत्या अध्यक्षांचे मेहुणे. हरकत त्याच मुद्द्यावर होती.

कोपरीची आई

मग काका, भांडण तिथूनच सुरू झालं ना!

जुना चिटणीस

असेल. तरी मी ज्या बँकेत महिनोन्महिने खेपा घातल्या त्या विसरू शकत नाही. नौपाडाकर, मी तुमच्याही क्लबचा आजीव सभासद आहे. घटनादुरुस्तीचा ठराव सभेच्या नोटिशीत यायला हवा, ऐनवेळच्या विषयात तो घेता येत नाही, तेव्हा आजच लिहायला घ्या. मतदार यादी महिनाभर आधी, बाहेरचा निवडणूक अधिकारी, पालकांना मत आणि अविश्वासाचं कलम, एवढ्यावर सूचक म्हणून माझी सही घ्या. दोन मुदतींचा ठराव मात्र वेगळा मांडा. त्याच्या विरोधात मी बोलणार आहे.