आजोबांच्या फाइलमधले ‘प्रॉक्स.’, ‘स्पिन्स्टर’ आणि ‘मेसुएज’

कापडपेढी, सोलापूर

आमचे आजोबा सोलापुरातल्या एका कापडपेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असत. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक नुकतीच उतरवली, तेव्हा त्यांच्या पत्रांच्या कार्बन प्रतींची फाइल हाती लागली. इंग्रजी मला बेताने येते, परंतु यातले काही शब्द हाताशी असलेल्या छोट्या शब्दकोशात सापडले नाहीत.

९ मार्च १९३६ च्या पत्रात बल्लारीच्या एका व्यापाऱ्याला कळवले आहे की, आपले ‘२८ अल्ट.’चे पत्र पावले, लुगड्यांचे गठ्ठे ‘३ इन्स्ट.’ रोजी रेल्वेने रवाना केले आहेत आणि रक्कम ‘१० प्रॉक्स.’पर्यंत यावी. यातले ‘प्रॉक्स.’ म्हणजे ‘अ‍ॅप्रॉक्स’, अर्थात मार्चच्या दहा तारखेच्या सुमारास, असे मी गृहीत धरले. रकमेची नोंद मात्र थेट ९ एप्रिलची आहे. त्यामुळे हा व्यापारी महिनाभर पैसे थकवणारा होता, असे मी घरात सर्वांना सांगूनही टाकले आहे.

याच फाइलमध्ये एका भाडेपट्ट्याची नक्कल आहे. तिच्यात साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या एका मिशनरी बाईंच्या नावापुढे ‘स्पिन्स्टर’ असे लिहिले आहे. त्या एखाद्या मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात असाव्यात काय? आणि त्याच कागदातले ‘मेसुएज’ म्हणजे काय?

निवृत्त हेडक्लार्क

आपण त्या व्यापाऱ्यावर अन्याय केला आहे. ‘अल्ट.’, ‘इन्स्ट.’ आणि ‘प्रॉक्स.’ ही अल्टिमो, इन्स्टंट आणि प्रॉक्सिमो या शब्दांची लघुरूपे आहेत. तिन्हींचे मूळ लॅटिनमध्ये असून त्यांचे अर्थ अनुक्रमे गेल्या महिन्यातील, चालू महिन्यातील आणि पुढील महिन्यातील असे होतात. म्हणजे आपल्या पत्रातील तारखा २८ फेब्रुवारी, ३ मार्च आणि १० एप्रिल अशा आहेत. रक्कम मुदतीच्या एक दिवस आधीच आलेली आहे.

आपल्याकडच्या जुन्या पत्रांतही ‘माहे मजकुरी’ असे लिहीत असत. तो ‘इन्स्टंट’चा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. या पद्धतीत एक खोट होती. महिना पत्राच्या माथ्यावरील तारखेवरून काढावा लागे, त्यामुळे तेवढा कोपरा फाटला किंवा वाळवीने खाल्ला की खालच्या सर्व तारखा निराधार होत. पुढे पत्रलेखनाच्या पुस्तकांनीच महिन्याचे नाव सरळ लिहावे असा आग्रह धरला आणि हे शब्द मागे पडले. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा एक वृद्ध साहेब अजूनही ‘इन्स्टंट’ लिहीत आणि टंकलेखक मंडळी त्यावर कॉफीचे विनोद करीत.

फाइलमध्ये बिले असतील तर तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ ही अक्षरे शोधावीत. त्यांचा अर्थ आपल्या ‘चू. भू. द्या. घ्या.’सारखाच आहे.

इंग्रजीच्या बाई

‘स्पिन्स्टर’विषयी आपला तर्क त्या बाईंच्या बाबतीत चुकला असला, तरी शब्दाच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. ‘स्पिन’ म्हणजे सूत कातणे आणि ‘स्टर’ हा मुळात ते काम करणाऱ्या स्त्रीसाठी लागणारा प्रत्यय. म्हणून स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. ‘वेब्स्टर’ हे आडनावही असेच विणकर स्त्रीवाचक शब्दातून आले आहे. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या कायदेशीर कागदांत स्त्रीच्या नावापुढे ‘स्पिन्स्टर’ लिहिले की ती अविवाहित आहे असा अर्थ होऊ लागला. इंग्लंड आणि वेल्समधील विवाहनोंदणीतून हा शब्द २००५ साली गेला आणि त्याजागी स्त्री-पुरुष दोघांसाठी ‘सिंगल’ हा शब्द आला. आपल्या कागदात तो केवळ वैवाहिक स्थितीची नोंद म्हणून आला आहे, त्यात हेटाळणी नाही. ‘लग्न न जमलेली प्रौढा’ ही कुत्सित छटा बोलण्यातली आहे. ज्या गावात घरोघरी बायकांनी मागासाठी कांड्या भरल्या, त्या गावात हा शब्द कागदोपत्री येताना मात्र कुमारिकेच्या अर्थाने यावा, याची मला गंमत वाटते.

तारखांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे अवांतर. पंधरवड्यासाठी इंग्रजीत ‘फोर्टनाइट’ हा शब्द आहे, म्हणजे चौदा रात्री. आठवड्यालाही पूर्वी ‘सेनाइट’, म्हणजे सात रात्री, असे म्हणत. सोमवार ते सोमवार मोजताना आपण दोन्ही टोकांचे दिवस धरतो, म्हणून आपले आठ होतात. ते मधल्या रात्री मोजत, म्हणून त्यांच्या सात. येणाऱ्या ‘परवा’साठीसुद्धा इंग्रजीत एकेकाळी ‘ओव्हरमॉरो’ हा शब्द होता आणि १५३५ च्या बायबलच्या भाषांतरात तो आढळतो. ‘तेरवा’साठी मात्र मला तिकडे काही सापडलेले नाही.

दस्तलेखक

‘मेसुएज’ म्हणजे राहते घर, त्याची गोठा-पडवी वगैरे जोडबांधकामे आणि घराच्या वापरातली लगतची जागा, हे सर्व मिळून. उच्चार ‘मेस्विज’ असा करतात. आपल्या खरेदीखतात ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ असे लिहून काही सुटू नये याची जी खबरदारी घेतात, तीच येथे आहे. घरकुटुंबासाठी असलेल्या ‘मेनाज’ या फ्रेंच शब्दाच्या जुन्या रूपातील ‘न’ कोणा लेखनिकाने ‘उ’ असा वाचला आणि त्यातून हा शब्द रुजला, असा भाषातज्ज्ञांचा कयास आहे. त्या लेखनिकाने खाली चू. भू. द्या. घ्या. लिहिले होते किंवा कसे, कोण जाणे.

कापडपेढी, सोलापूर

सर्वांचा आभारी आहे. बिले पाहिली, प्रत्येकावर ‘ई. अँड ओ. ई.’ आहे आणि दोन बिलांवर आजोबांनी शाईने त्याशेजारी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असेही लिहिले आहे. बल्लारीच्या व्यापाऱ्याचा हिशेब पुन्हा तपासला. १० एप्रिल १९३६ रोजी गुड फ्रायडे होता. बँकेला सुटी असणार म्हणूनच बहुधा त्याने रक्कम आदल्या दिवशी पोचेल अशी व्यवस्था केली असावी. घरात दुरुस्ती कळवली आहे.