मदत हवी आहे: सायक्लोहेक्झिमाइड देऊनही जीएफपीचा सिग्नल उतरत नाही

हिरवा_दिवा
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. आमच्या प्रोटीनला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, जोडलाय. सायक्लोहेक्झिमाइड देऊन नवं प्रोटीन बनणं थांबवतो आणि दर तासाला फोटो घेतो. सिग्नल उतरतच नाही. पेशीतली प्रोटीन तोडणारी यंत्रणा (प्रोटिएसोम) बंद करणारं एमजी१३२ दिलं काय, न दिलं काय, चित्र तेच. गाइड म्हणतात, प्रोटीन स्थिर आहे, विषय बदल. पण जुन्या पेपरांत ते झटपट तुटतं असं स्पष्ट दिलंय. सोमवारी लॅब मीटिंग आहे. नेमकं काय करू ते सांगा, थिअरी नको.

गणेशखिंड
पेशी कोणत्या? किती तास बघता? जीन चालू करणारा प्रोमोटर कोणता? प्रोटीन कोणतं ते नका सांगू हवं तर, पण एवढं तरी सांगा.

जुनी_पिपेट
कशाला एवढी चौकशी? जीएफपी पेशीत फार टिकतो, अर्धायुष्य सुमारे २६ तास. तो जोडून तोडफोड मोजायची कल्पनाच चुकीची. त्याऐवजी डेंड्रा२ हे रंग बदलणारं प्रोटीन घ्या. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश मारला की हिरव्याचा लाल होतो. मग लाल किती उतरतो तेवढं मोजायचं, नवीन बनलेलं हिरवंच राहतं. सायक्लोहेक्झिमाइडचं विषही नको. आम्ही सगळं त्यावरच केलं.

गणेशखिंड
जुनी_पिपेट, २६ तास सुट्या जीएफपीचे. ज्याला जोडलाय ते प्रोटीन प्रोटिएसोममध्ये ओढलं गेलं की सहसा जीएफपीही सोबत जातो. उंदराच्या ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज या प्रोटीनचा, लवकर तुटायला लावणारा ‘पेस्ट’ नावाचा तुकडा जोडला की हाच जीएफपी दोनेक तासांत निम्मा होतो, डी२ईजीएफपी म्हणतात तो हाच. कल्पना चुकीची नाही. आणि डेंड्रा२सुद्धा जोडावाच लागतो, जोडण्याची अडचण तिथेही तीच.

माहितीप्रेमी
जीएफपी हा एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून आला. शिमोमुरा, चॅल्फी आणि चेन यांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. त्याआधी २००४ चं नोबेल युबिक्विटिनच्या (तोडायच्या प्रोटीनला लागणारी खूण) कामाला होतं. तुमच्या प्रयोगात दोन्ही एकत्र आलेत, फार छान वाटलं वाचून.

हिरवा_दिवा
माहितीप्रेमी, धन्यवाद, पण मला सोमवारचं टेन्शन आहे. एचईके२९३ या मानवी पेशी, सीएमव्ही प्रोमोटर, सहा तास. पहिल्या तासात तर सिग्नल थोडा वाढतो! प्लाझ्मिड (पेशीत टाकायचा, हे जीन असलेला डीएनए) लॅबमध्ये आधीपासून होतं.

कोथरूडची_आई
मुलगा बारावीला आहे, त्याला असंच काम करायचंय. पाषाणच्या आयसरला नीटच्या मार्कांवर घेतात का?

औंधकर
ताई, नाही. आयसरची वेगळी परीक्षा असते, आयएटी. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.
हिरवा_दिवा, पहिल्या तासात वाढणं साहजिक आहे. जीएफपी बनला तरी लगेच चमकत नाही, त्याला घडी घालून रंग तयार व्हायला वेळ लागतो, ऑक्सिजनही लागतो. आधी बनलेला पण अजून न चमकणारा साठा नंतर उजळतो. आधी औषधच, म्हणजे सायक्लोहेक्झिमाइड, काम करतंय का ते बघा. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रोटीन ओळखायची चाचणी) पी५३ हे प्रोटीन लावा, ते लवकर उतरायला हवं.

गणेशखिंड
एचईके२९३मध्ये पी५३? त्या पेशींत ॲडिनोव्हायरसची जीन्स आहेत, त्यातलं ई१बी पी५३ला धरून ठेवतं. ते उतरणार नाही आणि बिचारा उगाच औषधाची नवी बाटली मागवेल. त्याऐवजी सी-मिक हे प्रोटीन लावा, त्याचं अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास. आणि सीएमव्हीने प्रोटीनचा एवढा ढीग होतो की तोडणारी यंत्रणाच पुरी पडत नाही. प्लाझ्मिड कमी टाकून बघा.

औंधकर
ई१बीचं बरोबर. सी-मिकच लावा.

जुनी_पिपेट
सिग्नल, सिग्नल काय करताय? चमक म्हणजे जीएफपी आहे एवढंच कळतं, प्रोटीन आहे की नाही ते नाही. अँटी-जीएफपीचा (जीएफपी ओळखणाऱ्या अँटीबॉडीचा) वेस्टर्न लावा. २७ किलोडाल्टनला, म्हणजे सुट्या जीएफपीच्या वजनाला, पट्टा आला तर प्रोटीन कापलं गेलं आणि जीएफपी सुटा उरला, तुम्ही त्याचीच चमक मोजताय. पूर्ण लांबीचा पट्टाच सहा तास तसाच राहिला तर प्रोटीन खरंच तुटत नाहीये.

गणेशखिंड
याला पूर्ण अनुमोदन. आणि मघापासून विचारायचं राहिलं, जीएफपी कोणत्या टोकाला आहे? पेपरात डिग्रॉन, म्हणजे प्रोटीन तुटायला लावणारा भाग, कुठे दिलाय?

हिरवा_दिवा
जीएफपी सी-टोकाला, म्हणजे प्रोटीनच्या शेवटी. पेपरात म्हटलंय, शेवटची काही अमिनो आम्लं काढली की प्रोटीन टिकतं.

गणेशखिंड
अहो, मग हेच आधी सांगायचं! काही लायगेजेस ही एन्झाइम्स प्रोटीनचं अगदी शेवटचं टोक ओळखून युबिक्विटिन लावतात. तुमचा डिग्रॉन तसा असेल तर जीएफपीने ते टोकच झाकलं. पेपरवाल्यांनी टॅग कुठे लावला होता ते बघा, आणि जीएफपी एन-टोकाला, म्हणजे सुरुवातीला, घ्या. मधला जोडणारा तुकडा (लिंकर) लवचिक ठेवा. एवढ्यावरून विषय बदलू नका.

जुनी_पिपेट
एन-टोकाला डेंड्रा२ लावा म्हणजे दोन्ही कामं होतील.

हिरवा_दिवा
पेपरात टॅग एन-टोकालाच आहे, आत्ता मेथड्स उघडून बघितलं. नवीन क्लोनिंग सोमवारपर्यंत होणार नाही. अँटी-जीएफपी आहे, ब्लॉट आज लावतो आणि मीटिंगला तोच दाखवतो. सी-मिकची अँटीबॉडी मात्र आमच्याकडे नाही. विद्यापीठ किंवा पाषाण परिसरात कोणाकडे थोडी असेल तर कृपया व्यनि करा, मी येऊन घेऊन जाईन.