स्टेम सेल चढवताना बाबांना एवढा त्रास का झाला?

प्रश्न: काल बाबांचं ऑटोलॉगस ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे त्यांच्याच गोठवून ठेवलेल्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) परत दिल्या. पहिली पिशवी लावून पाच मिनिटं नाही झाली तोच चेहरा लालबुंद, उलटी, छातीवर दडपण, नर्सने लगेच स्पीड कमी केला मग हळूहळू बसलं. आता खोलीत लसणासारखा भपकारा येतोय आणि लघवी लालसर झालीय. कोणाला असा अनुभव आहे का?

उत्तर १: हा डीएमएसओ नावाच्या रसायनाचा प्रताप. गोठवताना पेशीत बर्फाचे स्फटिक होऊन ती फुटू नये म्हणून घालतात, साधारण १० टक्के. शरीरात त्याचं डायमिथाइल सल्फाइड होतं, ते श्वासातून बाहेर पडतं, तोच हा वास, एक-दोन दिवसांत जातो. लाल लघवी बहुतेक फुटलेल्या तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमुळे, पण नर्सला दाखवाच, आपलं आपण ठरवून मोकळं होऊ नका.

उत्तर २: आईला आधीच अँटीहिस्टामिन (अ‍ॅलर्जीचं औषध) आणि उलटीचं इंजेक्शन दिलं होतं तरी मळमळलंच. पिशव्या जास्त होत्या म्हणून दोन दिवसांत विभागल्या, डीएमएसओ दिवसाला किलोमागे १ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत म्हणे. चघळायची गोळी तोंडात ठेवली की घशातली ती विचित्र चव जरा मरते.

उत्तर ३: बीपी आणि नाडीवर लक्ष ठेवतायत ना? नाडी मंदावू शकते.

प्रश्नकर्ता: हो, मॉनिटर आहे. लघवी दाखवली, सलाईन वाढवलंय. बाबा म्हणतात, कसला वास? मला तर काहीच येत नाही!